थर्मोस्टॅट काढा, पाणी भरा, पंखा डायरेक्ट करा: एका उन्हाळी सल्ल्याचा प्रतिवाद

मार्च उलटला की नागपुरात मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: जुनी गाडी तापते ती आपल्याकडच्या उन्हामुळे, तेव्हा दोष शोधत बसू नये. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) थंड देशांसाठी असतो, तो काढून टाकावा. कूलंटवर (इंजिनातील उष्णता रेडिएटरकडे वाहून नेणाऱ्या द्रवावर) पैसे घालवण्यापेक्षा साधे पाणी भरावे. रेडिएटरचा पंखा स्विच लावून डायरेक्ट करावा, म्हणजे हाताने चालू-बंद होईल असा जोडावा. एवढे करूनही तापमानाचा काटा चढला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधील पॅकिंग) गेले असे समजून हेड उतरवावे. सल्ला स्वस्त आहे, कोणत्याही गॅरेजमध्ये तासाभरात अमलात येतो आणि काही गाड्यांना त्याने चार दिवस उतार पडतोही. त्यामुळेच दर उन्हाळ्यात तो नव्याने पसरतो. त्यातील विधाने एकेक करून तपासली, तर मात्र फारसे काही उरत नाही.

आधी उन्हाविषयी. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल, तर हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवेचा पारा ४६ वर गेला की तो ४९ अंशांवर येतो, म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता जवळपास एक चतुर्थांशाने घटते. ही घट खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु शीतकरण यंत्रणा बनवताना अशा हवेसाठी क्षमता हातची राखलेली असते. नळ्यांत गाळ साचलेल्या, पुढच्या जाळीत माती आणि किडे अडकलेल्या रेडिएटरमध्ये ही राखीव क्षमता आधीच संपलेली असते, म्हणून डिसेंबरात निमूट चालणारी गाडी मे महिन्यात उकळते आणि दोष उन्हाच्या माथी मारला जातो. त्याच सिग्नलवर शेजारी उभ्या असलेल्या, त्याच मॉडेलच्या आणि तितक्याच जुन्या गाडीचा काटा मध्यावर असेल, तर ऊन हे उत्तर पुरेसे नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

या संदेशात एक प्रश्न कुठेच नाही, आणि निदानाची सुरुवात त्याच्यापासून होते: गाडी नेमकी केव्हा तापते? सीताबर्डीच्या गर्दीत व्हरायटी चौकात उभी असताना काटा चढत असेल आणि वर्धा रोडला मोकळ्या रस्त्यावर लागताच उतरत असेल, तर वेगामुळे मिळणारी हवा तेवढी पुरते आणि पंखा आपले काम करत नाही, असा त्याचा अर्थ. याउलट शहरात शांत असणारी गाडी समृद्धी महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने अर्धा तास धावल्यावर तापत असेल, तर संशय चोंदलेल्या रेडिएटरवर, पाती झिजलेल्या वॉटर पंपावर किंवा जोरात इंजिन फिरताना आतल्या ओढीने चिपकणाऱ्या खालच्या होज पाइपवर घ्यावा. सकाळी सुरू केल्यावर थोड्याच वेळात, गाडी गेटबाहेर पडायच्या आतच काटा वर जात असेल, तर बंदच राहिलेला थर्मोस्टॅट, खूप उतरलेले कूलंट किंवा हेड गॅस्केट यांचा विचार आधी करावा.

त्याआधी गाडी खरोखर तापली आहे का, हेही पाहायला हवे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर बातम्या झाल्या. पुढे तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याने सांगितले. वीस वर्षे जुन्या गाडीचा सेन्सर आणि त्याची अर्थिंगची तार यांच्यावर त्याहून अधिक विश्वास ठेवू नये. थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, की काटा खरे बोलतो की नाही ते कळते.

आता थर्मोस्टॅट. तो थंड देशांसाठीच असतो, हे विधान चुकीचे आहे. त्यातील मेणाची गोळी ठरावीक तापमानाला, अनेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना, वितळून फुगू लागते आणि झडप उघडते. पुढे दहा-पंधरा अंशांत ती पूर्ण उघडी होते. म्हणजे तापलेल्या इंजिनात चांगला थर्मोस्टॅट उघडाच असतो आणि तो काढून मिळणारा लाभ नगण्य असतो. उलट अनेक इंजिनांत या झडपेच्या खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. मुख्य वाट उघडताना ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो. गाडी थंड करण्यासाठी केलेल्या उपायाने ती अधिक तापावी, अशी ही परिस्थिती आहे. हिवाळ्यात तर नुकसान निश्चितच: नागपूरच्या डिसेंबरच्या पहाटे इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जळते आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते.

थर्मोस्टॅट काढू नये असे म्हणणारेही कधी कधी चुकीचे कारण देतात, हे येथे नोंदवतो. पाणी फार वेगाने वाहिल्यास त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही, असे ते सांगतात. प्रत्यक्षात प्रवाह वाढला की एकूण उष्णता-वहन सहसा सुधारते. खरी अडचण बायपासची आणि थर्मोस्टॅटच्या अडसरामुळे इंजिनात टिकणारा दाब कमी होण्याची आहे. बाजू बरोबर असली, तरी कारण बरोबर असलेले बरे.

संशय असेल तर तो काढून टाकण्याऐवजी तपासावा. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागते का ते पाहावे. बसवताना त्यातील छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

साध्या पाण्याच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. शुद्ध पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस असते, हे खरे. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात उघडे पाणी ९९ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण सुमारे एक बार दाब धरते तेव्हा हा बिंदू १२० अंशांच्या आसपास जातो, आणि निम्मे पाणी व निम्मे इथिलीन ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाचा त्याच दाबाखाली सव्वाशेच्या वर. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि साध्या पाण्याच्या गाडीला सावरायला काहीच जागा राहत नाही. म्हणून मोठा खर्च करण्याआधी नवे झाकण लावून पाहावे. दुसरे असे, की कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे हेड आणि वॉटर पंप वाचवतात. बोअरचे पाणी तर भरूच नये. बादलीवर जे पांढरे पुट चढते, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे आणि भरल्यावर एअर पूर्ण काढावी. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये, आणि उकळलेल्या इंजिनात थंड पाणी तर ओतूच नये. हेडला तडा जाऊ शकतो.

पंखा डायरेक्ट करण्याने फक्त गर्दीत तापणाऱ्या गाडीला उपयोग होतो, तोही तात्पुरता. मूळ दोष बहुधा फ्यूज, रिले, थर्मो स्विच किंवा मोटरच्या ब्रशमध्ये असतो. बारीक तारेवरून थेट जोडलेला पंखा ती तार वितळवतो. मोटर रिवाइंड करून आणली असेल, तर ती उलटी तर फिरत नाही ना, हे कागदाचा तुकडा धरून पाहावे. ॲम्बेसेडरसारख्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो, तिथे स्विचचा प्रश्नच येत नाही.

हेड उतरवण्याचा सल्ला सर्वांत महाग पडतो. गॅस्केट गेल्याची चिन्हे ठरलेली आहेत: गळती न दिसता कूलंट कमी होणे, गरम झाल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलमध्ये दुधाळपणा, थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे. निळ्या द्रवाची चाचणी यावर थेट उत्तर देते. कूलंटवरच्या हवेत जळालेला वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजावे. या चाचण्यांनंतरच हेड उतरवावे, आणि उतरवले तर सरळ पट्टी व फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) त्याचा सपाटपणा मोजून घ्यावा. अनेक लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. हेड फेस (घासून सपाट) करून आणले, नवे पॅकिंग बसवले, पण चोंदलेला रेडिएटर मात्र तसाच जोडला, तर तेच पॅकिंग पुढच्या मे महिन्यात पुन्हा जाते.