शांत राहा म्हणणाऱ्यांना, खानापुरातून

सीमाभागात काही पेटलं की पुण्याहून, मुंबईहून आणि आता बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या आमच्याच पोरांकडून एक मेसेज हमखास येतो. "शांत राहा." पुढे जोडलेले हात. हेतू चांगला असतो, नाही म्हणत नाही. पण हे आम्हाला सांगावं लागतं याचं नवल वाटतं. 1956 साली आमचा बेळगाव-खानापूरचा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, तेव्हापासून इथल्या तीन पिढ्या बहुतेक दिवस शांतच आहेत. आमच्या बाजारात मराठीत भाव सांगतात, कन्नडात घासाघीस होते, आणि भांडण झालंच तर वजनावरून होतं. (आता कुणीतरी कॉमेंटमध्ये एकोप्याचा दाखला म्हणून सौंदत्तीची यल्लम्मा आणि पंढरपूरचा विठोबा काढणार. माहीत आहे हो. दोन्हीकडे जाऊन आलेय.)

अडचण अशी की शांत राहायचं कसं, ते कुणी सांगत नाही. दीर्घ श्वास घ्या, मनात चांगले विचार आणा, असलं वाचून माझा तरी राग गेलेला नाही. माझा राग खाली येतो तो एकाच गोष्टीनं. नेमकं काय घडलं ते कळलं की. घडलेलं जसंच्या तसं समोर आलं तर राग एकतर निम्मा होतो, नाहीतर ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर येतो. मला दोन्ही चालतं. म्हणून माझ्या लेखी आधी खरेपणा, मग शांतता. उलट्या क्रमानं केलेली शांतता म्हणजे नुसतं गप्प बसणं, आणि ते कधीतरी फुटतंच.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जाचं दुकान आहे. उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले, रेशन कार्ड, स्कॉलरशिप. जांबोटी, कणकुंबीकडून येणारे मराठी बोलणारे, बिडी, कक्केरीकडचे कन्नड. फॉर्म बहुतेक कन्नडात. म्हणजे दिवसभर मी दुसऱ्याच्या नावानं लिहीत असते, आणि मी काय लिहिलं ते त्यातल्या कितीतरी जणांना वाचता येत नाही. सही करतात, अंगठा देतात, "ताई, बरोबर घातलंय न्हवं?" एवढं विचारून निघतात. नीतीवर भाषणं पुष्कळ ऐकलीत, पण माझ्यापुरती नीती त्या फॉर्ममधल्या रकान्यांत आहे.

एक गृहस्थ आले. शेजाऱ्याशी मारामारी झालेली, पोलिसात द्यायला तक्रार लिहून हवी होती. दंडावर ओरखडा, शर्टाची बाही फाटलेली, ती मुद्दाम तशीच ठेवलेली. मी लिहायला घेतलं. बांधावरून पाणी सोडण्याचं भांडण, पावसाळ्यात दरवर्षी होतं तसलंच. अर्ध्यात आल्यावर ते म्हणाले, "ताई, मराठी बोललो म्हणून मारलं, असं घाला."

मी विचारलं, "भाषेवरून बोलला का तो?"

"नाही वो. भांडण बांधाचंच. पण भाषेचं घातलं की लगेच घेतील. पेपरात पण येईल."

मी म्हटलं, झालं तेवढं लिहून देते, त्यात मार लागल्याचं नीट मांडते, दवाखान्याचा कागद जोडा. ते उठले. रागावले नाहीत, उलट माझीच समजूत घातली, "तुम्हाला कळत नाही ओ ताई." आणि पलीकडच्या दुकानात गेले. तिथं काय लिहून मिळालं, मला ठाऊक नाही.

त्या गृहस्थांना मी खोटारडा म्हणणार नाही. त्यांना मार खरंच बसला होता. त्यांनी इथली हवा बरोबर ओळखली होती, एवढंच. बांधाच्या भांडणाला कोण विचारतो? भाषेचं लेबल लावलं की पुढारी येतात, मोबाईल घेऊन पोरं येतात. हीच युक्ती कन्नड माणूसही करतो, माझ्याच काउंटरवर पाहिलंय. पण त्या एका वाक्यानं दोन घरांचं भांडण दोन गल्ल्यांचं झालं असतं. बांध मात्र तसाच राहिला असता.

मोबाईलवरून आठवलं. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बस कंडक्टरला मारहाण झाली आणि पुन्हा दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. अशा दिवसांत ज्याला मिरजेला दवाखान्यात जायचंय, जिला कोल्हापूरला परीक्षेला जायचंय, त्यांचे हाल विचारू नका. ते हाल खरे असतात आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. फॉरवर्ड काय होतं? ओळखीच्या एका पोराने दुकानात येऊन जळत्या बसचा व्हिडिओ दाखवला. "काकू, बघा काय चाललंय बेळगावात." मी चष्मा लावून बघितलं. बसचा रंग आपल्याकडचा नाही, पाटी वाचता येत नव्हती पण लिपी कन्नड नव्हती, देवनागरीही नव्हती. मागे नारळाची रांग. म्हटलं, अरे ही बस आपल्या मुलखातली नव्हेच.

"असू दे की काकू. खरं असंच चाललंय."

हे "असू दे की" मला दगडापेक्षा जास्त भीतीचं वाटतं. दगड मारणारे मूठभर असतात, उद्या पकडलेही जातात. "असू दे की" म्हणणारी माझ्या-तुमच्या घरातली चांगली माणसं. सकाळी देवपूजा करतात, उधारी बुडवत नाहीत, सुटे पैसे जास्त आले तर परत आणून देतात. दोन रुपयांत इतका काटेकोर असलेला माणूस, आपल्या बाजूचं खोटं मात्र डोळे झाकून पुढे ढकलतो, कारण ते आपल्या बाजूचं असतं.

माझी बाजू कुठली, तेही लपवत नाही. मी मराठी आहे. सलग मराठी पट्टा भाषेच्या न्यायानं महाराष्ट्रात जायला हवा होता, असं माझं मत आहे आणि ते बदलायचं मला काही कारण दिसलेलं नाही. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, बेळगावात एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे जातात आणि दुसऱ्या रस्त्यानं काळ्या फिती बांधलेली माणसं, त्यांत मी फितीच्या बाजूला. पण म्हणूनच आपल्या माणसांशी खरं बोलायची जबाबदारी माझ्यावर जास्त आहे.

उदाहरण घ्या. सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचं नाव काढलं की आपल्याकडे सगळे एकजात शिव्या देतात. पण आयोग नेमावा ही मागणी महाराष्ट्राची होती, त्यासाठी 1966 साली सेनापती बापट उपोषणाला बसले होते, हे आपण पोरांना सांगतो का? 1967 च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं, ते आपल्याला मान्य झालं नाही, ठीक. पण त्याच अहवालात निपाणी, नंदगड, खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला द्या असंही म्हटलं होतं. म्हणजे मी आत्ता ज्या खुर्चीत बसून हे टाईप करतेय ती खुर्ची महाराष्ट्रात आली असती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. बेळगावाशिवाय काही नको, ही भूमिका बरोबर की चूक यावर आमच्या घरात अजून वाद होतात. वाद होऊ देत. लपवाछपवी नको.

आणि "महाजन अहवाल अंतिम" असं जे कन्नड मित्र म्हणतात, त्यांना मी तितक्याच शांतपणे विचारते, मग आमची 264 गावं कधी देताय? विषय बदलतो. चहा येतो. असो.

वरच्या लोकांचं काय सांगावं. डिसेंबर 2022 मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळानं बेळगावातच, सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीत ठराव केला, की एक इंचही देणार नाही. पाच दिवसांनी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं नागपुरात ठराव केला, की बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह 865 गावं घेणारच. आणि महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. ठरावांनी माझ्याकडच्या एकाही गिऱ्हाइकाचा फॉर्म मराठीत आला नाही.

फॉर्मचंच सांगते. एका कार्यालयात एका म्हातारीचा मराठी अर्ज परत आला. टेबलावरच्या माणसानं वर न बघता सांगितलं, "कन्नडदाग बरकोंड बर्री." म्हणजे कन्नडात लिहून आणा. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, बरोबरचा नातू तर पेटलेलाच. चला, मोर्चा काढू म्हणायला लागला. मला कन्नडात लिहून देता आलं असतं, पाच मिनिटांचं काम. पण तो तिचा हक्क होता. राज्यघटनेचं कलम 350 स्पष्ट म्हणतं, गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मी त्याच मराठी अर्जाच्या वर ते कलम लिहिलं, दोन प्रती काढल्या आणि नातवाला बजावलं, आवाज चढवायचा नाही. फक्त पोच मागायची. घेत नसतील तर का घेत नाही ते लिहून मागायचं. नकार लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. दरवेळी असं होतंच असं नाही, कधी कधी दिवसभर बाकावर बसवतात. तरी त्या पोराला त्या दिवशी आरडाओरडीपेक्षा शिक्का जास्त जोरात लागला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

याला कुणी मवाळपणा म्हणतं. म्हणू देत. माझे सासरे 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते, गोळीबार झाला तेव्हाचे दिवस त्यांनी पाहिलेत. दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातात, गुडघे दुखत असले तरी. त्यांना मवाळ म्हणायची कुणाची टाप नाही. मागे आमच्या अंगणात एक तरुण कार्यकर्ता जोशात येऊन त्या वेळची गोष्ट सांगत होता आणि गेलेल्यांचा आकडा भराभर वाढवत होता. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता त्याला थांबवलं. "जेवढे होते तेवढेच सांग बा. तेवढेच लई झाले आमाला."

पोरगा गप्प झाला. मग त्यानं नावं विचारली. सासऱ्यांनी एकेक सांगितलं, कोण कुठल्या गावचा, घरात मागे कोण होतं. तासभर चाललं ते. आकडा वाढवून सांगताना जो आवेश होता तो त्याच्यात उरला नव्हता, पण त्यानंतर तो दरवर्षी हिंडलग्याला सासऱ्यांना गाडीवरून घेऊन जातो.

तर ज्यांना हे सगळं पुचाट वाटतं त्यांनी कॉमेंटमध्ये बांगड्या वगैरे पाठवण्यापेक्षा दुकानात यावं. कलम 350 घातलेला मराठी अर्जाचा नमुना मी करून ठेवलाय, नाव-गाव भरायचं तेवढं बाकी. नमुना फुकट. झेरॉक्सचे दोन रुपये पडतील, आणि कृपा करून सुटे आणा.