पाचशेपैकी एकशे बेचाळीस

रविवारी सकाळी साडेसातला समर्थ मंदिराच्या पुढच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. यवतेश्वरचा घाट चढायच्या आधी पुण्याकडची पोरं तिथं थांबतात. त्या दिवशी सहा-सात मोठ्या गाड्या होत्या आणि एकीभोवती बाकीचे सगळे गोळा झालेले. लाल रंगाची. हँडलच्या मधल्या पट्टीवर कोरलेला आकडा: १४२/५००.

मी साताऱ्यात बोरिंगचं वर्कशॉप चालवतो, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधलं झिजलेलं सिलिंडर कापून पुन्हा गोल करायचं काम. तीस वर्षं ब्लॉकच हाताळतोय, त्यामुळे इंजिन दिसलं की हात आपोआप पुढे जातो. "काका, हात नको हं प्लीज," पोरगा म्हणाला. अगदी अदबीनं बोलला, राग येण्यासारखं काही नव्हतं. किती चालली विचारलं, तर चार वर्षांत नऊशे किलोमीटर. पावसात काढत नाही, गर्दीत काढत नाही, रात्री तर नाहीच. पोवई नाका ग्रेड सेपरेटरखालून घातली की वरून, असं मी गमतीनं विचारलं. त्याला गंमत कळली नाही. चहा संपवून मी परत आलो, पण तो आकडा काही डोक्यातून जाईना.

पाचशे. पाचशेच का? चारशे नव्वद का नाहीत? हजार का नाहीत?

एकेकाळी या पाचशेला उत्तर होतं. १९८८ साली वर्ल्ड सुपरबाइकच्या शर्यती सुरू झाल्या. त्यातली मुख्य अट अशी की इथं धावणारी गाडी दुकानात विकली गेलेली पाहिजे. नुसता कारखान्याच्या मागच्या खोलीत बनवलेला प्राणी चालणार नाही. ठरावीक संख्येनं गाड्या बनवा, नंबरप्लेट लावून लोकांना विका, मगच ट्रॅकवर या. म्हणजे कंपनीला गाड्या विकायची हौस नव्हती, शर्यत जिंकायची हौस होती. गाड्या विकणं हा दंड होता. पण त्या दंडापोटी माझ्यासारख्या वेड्या लोकांना जे मिळालं, ते पुन्हा कधी मिळेल असं वाटत नाही.

होंडाची आरसी ३० घ्या. कागदावरचं नाव व्हीएफआर ७५० आर. ७४८ सीसी, व्ही आकारात चार सिलिंडर, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवायला साखळी नाही तर गिअर, आणि रस्त्यावरच्या गाडीत टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे. पहिल्याच वर्षी, १९८८ ला, फ्रेड मर्केल तिच्यावर वर्ल्ड चॅम्पियन झाला. १९८९ ला पुन्हा तोच. पहिला गिअर इतका लांब की त्यातच गाडी शंभरच्या पुढे जाते. राजवाड्यासमोरच्या गर्दीत ती चालवायची म्हणजे क्लच भाजून खाणं. पण ती राजवाड्यासाठी बनवलीच नव्हती ना!

टायटॅनियमचं एवढं काय कौतुक, असं कुणी विचारेल. सांगतो, कारण इथंच खरी गोम आहे. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ४८.६ मिलिमीटर. बारा हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला बारा हजार फेऱ्यांना, पिस्टन सेकंदात चारशे वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. चारशे वेळा! सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर. एवढ्या वेळा त्याला थांबवायचं, पुन्हा ओढायचं, हे काम कनेक्टिंग रॉडचं. आणि आरपीएम दुप्पट केले की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. रॉड जितका जड, तितकं जास्त वजन त्यालाच ओढावं लागतं. टायटॅनियम पोलादाच्या साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के वजनाचं, आणि चांगला मिश्रधातू असेल तर ताकदीला फारसं मागे नाही. फक्त त्याला एक खोड आहे: धातूवर घासलं की ते चिकटतं, खरवडतं. म्हणून रॉडच्या बाजूंना वेगळा मुलामा द्यावा लागतो. हे सगळं कव्हरच्या आत. बाहेरून बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. मला आरसी ३० याचसाठी आवडते. तिचा पैसा आत आहे.

यामाहानं १९९९ मध्ये वायझेडएफ-आर ७ काढली. ओडब्ल्यू ०२ म्हणतात तिला. बरोब्बर पाचशे. ७४९ सीसी, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, इथेही टायटॅनियमचे रॉड, ओह्लिन्सचं सस्पेन्शन. आणि शोरूममधून बाहेर पडताना ताकद किती? १०६ हॉर्सपॉवर. इतक्या महाग गाडीला एवढीच ताकद बघून तेव्हा लोक चक्रावले होते. पण ती अर्धवट गाडी होती, मुद्दाम ठेवलेली. रेस किट लावा, मग ती जागी होते. २००० साली नोरियुकी हागा तिच्यावर चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. आता २०२१ पासून त्याच आर ७ नावाची ६८९ सीसीची दोन सिलिंडरची गाडी मिळते. चांगली गाडी आहे म्हणे, रोज वापरता येते. पण नाव वाचून छातीत जरा दुखतंच.

आता माझी सगळ्यात लाडकी, आणि तिच्यासमोर मी हात टेकतो ती: होंडाची एनआर, १९९२ ची. तिचे पिस्टन गोल नाहीत. लांबट आहेत, दोन्ही टोकांना गोलाई. एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड, एका सिलिंडरला आठ व्हॉल्व्ह. चार सिलिंडरला मिळून बत्तीस. हे खूळ आलं कुठून? १९७० च्या दशकाच्या शेवटी ५०० सीसीच्या ग्रांप्रीत टू-स्ट्रोकचं राज्य होतं. होंडाला फोर-स्ट्रोक घेऊनच उतरायचं होतं. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक एकाआड एक. बरोबरी करायची तर आरपीएम प्रचंड हवेत, म्हणजे लहान लहान आठ सिलिंडर हवेत. पण नियम म्हणतो चारच. मग यांनी आठातले दोन-दोन एकमेकांत वितळवले! १९७९ ला सिल्व्हरस्टोनला एनआर ५०० उतरली, पण शर्यत पूर्ण झाली नाही. ग्रांप्रीत तिनं एकही शर्यत जिंकली नाही. तरीही यांनी तो हट्ट सोडला नाही. तेरा वर्षांनी त्याच कल्पनेची ७४७ सीसीची रस्त्यावरची गाडी काढली, जेमतेम तीनशेच्या आसपास.

माझ्याकडचा पोऱ्या मोबाइलवर तिचा पिस्टन बघून म्हणाला, "मालक, ह्यो ब्लॉक आपल्या मशिनीवर कसा बोअर करायचा?" करायचाच नाही, बाबा. आपली मशीन गोल फिरते, गोलच भोक पाडते. लांबट भोकात सगळीकडे सारखा दाब देईल अशी रिंग बनवणं, हेच त्या गाडीचं खरं दुखणं होतं. गोल रिंग स्वतःच्या ताणानं भिंतीला टेकते. सरळ बाजू असली की तिथं रिंग सैल पडते आणि गॅस खाली उतरतो. मिलिमीटरचे दोन शतांश इकडेतिकडे झाले तर यामाहाची आरएक्स शंभर धूर सोडते, हे मी रोज बघतो. त्यामुळे हे काम ज्यांनी केलं त्यांना मनातल्या मनात नमस्कार घालतो.

डुकाटीचं वेगळंच. त्यांच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंग करत नाही, दुसरा कॅम करतो. फार आरपीएमवर स्प्रिंग दमते, व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि पिस्टनच्या वाटेत येतो. ताग्लिओनी नावाच्या इंजिनिअरनं १९५६ मध्ये हा प्रकार डुकाटीच्या रेस गाडीवर बसवला, आणि त्यांच्या आजच्या सुपरबाइकमध्येही तो आहे. त्यांची पानिगाले व्ही ४ आर मला आजच्या काळातली प्रामाणिक गाडी वाटते. साधी व्ही ४ निघाली तेव्हा ११०३ सीसीची होती, ही मात्र ९९८ ची, कारण शर्यतीची हद्द हजाराची आहे. जास्त पैसे मोजून कमी सीसी! हे दुकानात कुणाला पटवून दाखवा. पण सहाव्या गिअरला १६,५०० आरपीएम. पिस्टन सेकंदात साडेपाचशे वेळा थांबतो.

बरं, दुसरी बाजूही सांगतो. २०१५ ची होंडा आरसी २१३ व्ही-एस, किंमत १,८८,००० युरो, तेव्हाच्या भावानं सव्वा कोटीच्या पुढे. मोटोजीपी म्हणजे आजच्या ग्रांप्रीची गाडी जवळपास तशीच, फक्त हवेवर चालणारे व्हॉल्व्ह आणि बिनझटक्याचा गिअरबॉक्स काढून. डुकाटीची २०२० ची सुपरलेजेरा व्ही ४, पाचशे, फ्रेम-स्विंगआर्म-चाकं सगळं कार्बनचं, २२४ हॉर्सपॉवर आणि कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल वगैरे न भरता, १५९ किलो. आपल्या बुलेटपेक्षा हलकी. या गाड्या खोट्या आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, यांच्या आतलं कामही देवघरात ठेवावं असं आहे. पण यांना कुठल्याही रूलबुकानं बनवायला लावलं नाही. इथला आकडा विक्री खात्यानं ठरवला. पाचशे म्हणजे पाचशे जण घेतील आणि पाच हजार जण चरफडतील, असा हिशेब.

आणि मग हा हिशेब झिरपत झिरपत आपल्यापर्यंत येतो. भाच्यानं दोन वर्षांपूर्वी एक 'रेस लिमिटेड एडिशन' घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. अकरा हजार जास्त दिले. मी घरी आणल्या आणल्या बघितली. तोच ब्लॉक, आणि कार्बन म्हणाल तर नुसता स्टिकर. सोनेरी चाकं आणि टाकीवर आकडा. तीन महिन्यांत तेच स्टिकर राधिका रोडवर सहाशेला मिळायला लागलं. भाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, जणू मीच छापलं होतं.

दुर्मीळपणाचा तिसरा प्रकार आमच्या घरात होता, तोही सांगून टाकतो. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. वडील तिथं असेंब्लीला होते. दिवसभर स्कूटर जोडायचे आणि संध्याकाळी सायकलवर घरी यायचे. स्कूटरला वर्षानुवर्षांचं वेटिंग असायचं त्या काळात. आमची आली तेव्हा आईनं तिला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिच्यावरून गव्हाचं पोतं आणलं. दुर्मीळ होती म्हणून कुणी तिला झाकून ठेवली नाही. दुर्मीळ होती कारण सगळ्यांना तिची गरज होती.

झाकून ठेवण्यावरून आठवलं. चार वर्षांत नऊशे किलोमीटर हे इंजिनाला जपणं नव्हे, मालक. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होऊन त्याचा डिंक होतो, सील सुकतात, भिंतीवरचं तेल खाली ओघळतं. मग एखाद्या दिवशी थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत बंद केलं की आत पाणी धरतं. या गाड्यांच्या सिलिंडरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. बोअर करून पुढचा साइज, म्हणजे जरा मोठा पिस्टन, घालायची सोयच नाही, जुना थर काढून नवा चढवावा लागतो. म्हणजे माझी मशीन तिथं शोभेपुरती. सोळा हजार आरपीएमसाठी घडवलेल्या इंजिनाला चार हजारावर महिन्यातून एकदा खोकायला लावायचं, हे मला पोराला एमपीएससीच्या पुस्तकांसकट कपाटात बंद करण्यासारखं वाटतं. रागावू नका. तुमची गाडी, तुमचे पैसे. पण आठवड्यातून एकदा तरी तेल नीट तापेपर्यंत पळवा. कोल्हापूरला छोटी ट्रॅक आहे, कोइमतूरला, चेन्नईजवळ आहेत. २०२३ ला ग्रेटर नोएडाला तर मोटोजीपीही येऊन गेली, बेझेकी जिंकला. त्या पाचशेचं उत्तर असेल तर तिथं आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही.

कुणी म्हणेल, काका जळतात. जळतो की! त्या टपरीवर पोरानं जायच्या वेळी स्टार्टर मारला, तेव्हा कपातला चहा थरथरला. मी तिथंच उभा राहिलो, घाटात दुसऱ्या वळणापर्यंत आवाज ऐकत. पहिल्या वळणाला त्यानं गिअर खाली घेतला तेव्हा एक क्षण ते इंजिन खरं बोललं. मग पुन्हा गप्प. पुढे एसटी असणार.

आज टेबलावर आरएक्स शंभरचा ब्लॉक आहे. पन्नास बाय पन्नासचं इंजिन, ९८ सीसी, मालक एकवीस वर्षांचा. यूट्यूब बघून हेड घासलं, पोर्ट कानशीनं मोठे केले, आणि यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर पिस्टन धरला, म्हणजे भिंतीला चिकटून अडकला. ब्लॉकच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचे ओरखडे चढलेत, बोट फिरवलं की लागतात. ०.२५ चा साइज, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा पिस्टन, घातलाय. भिंत घासून होनिंगच्या तिरक्या रेघा झाल्यात, बोअर गेज वर, मधे, खाली, तिन्हीकडे सारखा वाचतोय. पिस्टनला मिलिमीटरच्या साडेतीन शतांशाची मोकळीक. केसाच्या निम्म्याइतकी.

उद्या दहाला तो न्यायला येईल. सांगून ठेवलंय, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नको. ऐकणार नाही, मला माहीत आहे. ०.५० चा साइज अजून शिल्लक आहे.