खुलासा: प्रवाळाच्या टाकीला खिडकीतलं ऊन पुरत नाही
‘गोव्यात ऊन भरपूर, प्रवाळाची छोटी टाकी खिडकीत ठेवा, दिवा कशाला?’ असा संदेश मडगाव-पणजीकडच्या मत्स्यशौकिनांत फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रवाळाच्या पेशींतल्या सूक्ष्म शैवालाला प्रकाश लागतो हे खरं. पण खिडकीतलं ऊन तासातासाला बदलतं, पावसाळ्यात तर गायबच. शिवाय लहान टाकी झटकन तापते. पाणी ३० अंशांच्या वर रेंगाळलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एलईडी घ्या, पण नुसते वॅट बघून नको. दुकानदाराला ‘पार’ विचारा, म्हणजे प्रवाळापर्यंत पोचणारा उपयोगी प्रकाश. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० ‘पार’ पुरे, त्यात निळा प्रकाश जास्त. सुरुवातीला दिवा मंद ठेवा. आणि हो, गोव्याच्या ग्रँड बेटाजवळून प्रवाळ उचलून आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.