इन्व्हर्टरवाल्या घरातलं लोडशेडिंग

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरापर्यंत फायबर पोचलेली नाही. सगळं इंटरनेट माळ्यावरच्या राउटरमधल्या मोबाइल मोडेमच्या मर्जीवर, आणि ती मर्जी भर पावसात हमखास फिरते. दिवा हिरवागार, सिमकार्ड जागेवर, पण एक पान उघडेल तर शपथ!

राउटर रीस्टार्ट करून काही होत नाही. मोडेम म्हणजे राउटरच्या घरातला भाडेकरू: प्रोसेसर स्वतःचा, फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तेही स्वतःचं. राउटर रीबूट झाला तरी बऱ्याच बोर्डांवर मोडेमची वीज चालूच राहते, आणि वीज तुटल्याशिवाय स्वारी ताळ्यावर येत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात वीज जायची, यायची, मोडेम आपसूक सुधारायचा. मग बाबांनी हौसेनं इन्व्हर्टर बसवला. सत्तरीतले, सत्तरी ओलांडलेले बाबा तेव्हापासून प्लग काढायला शिडी चढू लागले. खाली आई शिडी धरून, "हळू हो, नेट मेलं तरी चालेल!"

शेवटी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली घातली. मोडेमला एटी कमांड (मोडेमला समजणारे छोटे हुकूम) पाठवून 'बाबा रे, रीसेट हो' अशी विनंती करता येते. शुद्धीवर असलेला मोडेम ती ऐकतोही. पण शुद्धीवर असता तर विनंती कशाला केली असती? मोडेम ज्यात बसतो त्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटच्या २० नंबरच्या पिनेनं नुसता रेडिओ बंद होतो. रीसेटची पिन २२ नंबरची. ती बोर्ड बनवणाऱ्यानं प्रोसेसरच्या जीपीआयओला (सॉफ्टवेअरनं चालू-बंद करता येणाऱ्या पिनेला) जोडली असेल तर आपलं नशीब. आमच्या बोर्डावर निदान वीज तोडायची सोय निघाली. 'मोडेम पॉवर' नावाची एक फाइल; तिच्यात शून्य लिहिलं की अंधार, एक लिहिला की उजेड. काही बोर्डांवर बरोब्बर उलटं. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हुकुमांच्या यादीत, जीपीआयओचा नंबर न घालता हे नावच घालावं, कारण नवं कर्नल (प्रणालीचा गाभा) आलं की नंबर बदलू शकतात.

आणि हे बंद-चालूचे दोन हुकूम दूर फोंडा शहरात बसून एकेक करून द्यायचे नाहीत. पहिल्यानं मोडेम बंद झाला की दुसरा जाणार कुठल्या वाटेनं? म्हणून एकच स्क्रिप्ट राउटरवरच ठेवली: पिंग, म्हणजे नेट जिवंत आहे का हे विचारणारे छोटे संदेश, सारखे फुकट जायला लागले की बंद कर, पाच सेकंद थांब, चालू कर. इन्व्हर्टरवर खर्च केलेल्या घरात मी खास लोडशेडिंग लिहून दिलं.

गणेशचवथीला परीक्षा झाली. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घुमट-शमेळ ही वाद्यं तापलेली, मस्कतची आत्या व्हिडिओ कॉलवर, आणि ऐन आरतीत आत्या गोठली, टाळी अर्धवट. बाबांचा हात सवयीनं शिडीकडे. मी म्हटलं, "थांबा." मोडेमनं उठून टॉवर शोधून आत्याला परत आणलं. आमच्या आरत्या लांबतातच, तिचं एखादं कडवंच बुडालं असेल.

"शिडीला हात न लावता?" बाबांनी दोनदा विचारलं. आता विहिरीच्या पंपालाही 'तसलंच काहीतरी लिही' म्हणून माझ्या मागे लागलेत.