मुका डबा खोटं बोलेल का?

गाडीचं ऑइल बदलायला निघाला आहात ना, मग चष्मा घरीच ठेवा. डब्याच्या दर्शनी बाजूची अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात. ती टपोरी असतात, सोनेरी असतात, आणि त्यांच्यामागे एक मोटारसायकल रस्त्याला गुडघा टेकवत वळण घेत असते. रेसिंग फॉर्म्युला, टर्बो पॉवर, काय वाट्टेल ते. तुमच्या गाडीला टर्बो नाही, आणि तुमची रेस म्हणजे पेट्रोलपंपाच्या रांगेत मधेच घुसणं. पण डब्याने एवढा मान दिलाय तर तो घ्यावा. मागची बारीक अक्षरं वाचत बसणं हे संशयी माणसाचं लक्षण.

परवा बायकोसाठी कानातलं घेताना तुम्ही भिंग मागून हॉलमार्क पाहिलात, सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, मोबाइलवर घालून तपासलात. ते बरोबरच होतं. १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकायचीच सोय राहिलेली नाही, आणि शिवाय सराफ बोलतो. बोलणाऱ्यावर संशय घ्यावाच. डबा बिचारा मुका. मुका जीव खोटं कशाला बोलेल?

त्याच्यावर इंग्रजीत एक वाक्य असतं: ‘मीट्स ऑर एक्सीड्स एपीआय एसएन’. ते आधी तोंडपाठ करा. अर्थ असा की आमचं ऑइल त्या दर्जाची पूर्तता करतं, किंबहुना त्याच्या पुढे जातं. असं कोण म्हणतं? डबा. कशावरून? डब्यावरून. आता समजा, तुमच्या भाचीला स्थळ आलंय आणि बायोडेटात लिहिलंय: ‘मुलाचं शिक्षण : एमबीबीएसच्या पात्रतेची पूर्तता करणारं, किंबहुना त्याहून सरस.’ मामा म्हणून तुम्ही कॉलेजचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचाराल. ‘तसं काही नाही, पण गल्लीत सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात’ असं उत्तर आलं, तर पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठाल. पण ते झालं भाचीचं. इंजिनाला मामा नसतो.

एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. या लोकांना नसत्या भानगडी फार. त्यांचा एक गोल शिक्का आहे, मधोमध भोक असलेला. अमेरिकेत त्याला डोनट म्हणतात, आपण मेदूवडा म्हणू. वरच्या कमानीत दर्जा आणि भोकात २०डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-३० असा चिकटपणाचा ग्रेड. हा मेदूवडा छापायचा तर कंपनीला परवाना काढावा लागतो, पैसे भरावे लागतात, आणि एवढं करून ही मंडळी बाजारातून डबे उचलून ऑइल तपासतात. परवानाधारकांची यादीसुद्धा इंटरनेटवर उघडी ठेवलीय, कुणीही शोधावं. एवढा खटाटोप कशाला? नुसती ‘एपीआय एसएन’ ही अक्षरं उमटवायला एक बरा छापखाना पुरतो, आणि छापखाने आपल्याकडे लग्नपत्रिकांमुळे भरपूर आहेत.

अक्षरांचंही फार मनावर घेऊ नका. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, असा तो पाढा. त्यात एसआय, एसके आणि एसओ ही नावं संस्थेने वापरलीच नाहीत. उद्या एखाद्या डब्यावर ‘एसके’ दिसलं तर दचकू नका, राहून गेलेलं काम कुणीतरी पूर्ण करतंय असं समजा. आणि ‘एसए’ दिसलं तर ते तर अस्सल आहे, असा दर्जा खरोखर होता. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना ते ऑइल चालत नाही असं खुद्द संस्थाच सांगते, पण एपीआय लिहिलंय ना? झालं तर.

दुचाकीवाल्यांसाठी जपानच्या मोटार-मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ साली आणखी एक खुसपट काढलं. झालं असं की मोटारींची ऑइलं इंधन वाचवण्यासाठी दिवसेंदिवस पातळ आणि निसरडी होत चालली होती. मोटारीला त्याचं काही वाटत नाही, तिच्या क्लचला इंजिन ऑइलचा स्पर्श नसतो. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये आंघोळ करतात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरून ठेवतात तेव्हा गाडी पुढे जाते, आणि त्याच प्लेटांवर निसरडं ऑइल सोडलं की पकड सुटते. म्हणून अशा गाड्यांसाठी एमए, एमए१, एमए२, आणि ज्यांचा क्लच कोरडा असतो त्या गिअरलेस स्कूटरसाठी एमबी. माझ्या मेहुण्याने मोटारीचं उरलेलं महागडं ऑइल ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून मोटारसायकलमध्ये ओतलं होतं. पंधरवड्यात घाटात इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर, शेजारून ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे गेला. क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या. अजूनही तो म्हणतो की ऑइल भारीतलंच होतं, आणि ते खरंच आहे.

जासोचीही एक चौकट असते. गंमत म्हणजे जासो स्वतः परीक्षा घेत नाही. कंपनीच चाचण्या करून निकाल नोंदवते. मात्र चौकट छापायची तर आत ‘एम’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो आणि या दर्जाची हमी कोणाची तेही लिहावं लागतं. म्हणजे उद्या भांडायला जायचं झालं तर निदान दार कोणाचं ठोठवायचं ते कळतं. तुम्हाला कुठे भांडायचंय? चौकट नसलेला, नुसतं ‘एमए२’ लिहिलेला डबा घ्या. दुकानदाराला ‘चौकट दाखवा’ म्हणालात तर तो विचारेल, ‘साहेब, ऑइल इंजिनात घालायचंय की फ्रेम करून भिंतीवर लावायचंय?’

‘फुल्ली सिंथेटिक’, म्हणजे पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनवलेलं, या शब्दापुढे तर हात जोडा. १९९९ साली अमेरिकेत यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांची जुंपली होती. भरपूर शुद्ध केलेल्या खनिज तेलाला सिंथेटिक म्हणावं का, हा वाद. तिथल्या जाहिरात-तंट्यांच्या मंडळाने सांगितलं, म्हणायला हरकत नाही. जर्मनीत अजून तसं चालत नाही म्हणे, पण जर्मनांना कुठे आनंदात जगता येतं.

एवढं करूनही मनात किंतु राहिलाच, तर प्रयोगशाळा कोपऱ्यावरच आहे. मिस्त्री थेंबभर ऑइल अंगठा आणि तर्जनीत घेतो, चोळतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘कडक माल आहे.’ शंभर अंश तापमानाला चिकटपणा किती उरतो ते त्याला या दोन बोटांत समजतं. झाकणाखालून निघालेलं बक्षिसाचं कूपन तो खिशात टाकतो, त्याचा या निदानाशी काहीएक संबंध नाही. पुढच्या खेपेला ऑइल काळं निघालं तर त्याच्यासोबत तुम्हीही ‘डुप्लिकेट असणार’ म्हणून मान हलवा. इंजिनातली काजळी आपल्यात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे आणि चांगलं ऑइल म्हणूनच लवकर काळं पडतं, असली माहिती गॅरेजमध्ये काढू नका. चहा मिळायचा बंद होईल.

शेवटी रिकाम्या डब्याचं. त्याला भोक पाडून टाका असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं, पण ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, म्हणजे तुम्ही वाचणार नाही आहात. डबा झाकणासकट, लेबल न खरचटता, गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा. भंगारवाला चांगल्या डब्याला दोन पैसे जास्त देतो. का देतो ते विचारू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला दुकानात फळीवरचा डबा हातात घ्याल तेव्हा सोनेरी अक्षरं तीच असतील, वळण घेणारी मोटारसायकलही तीच असेल, आणि तळाशी डाव्या कोपऱ्यात तुमच्या मुलाने मागच्या वेळी पेनाने काढलेली मिशी जरा पुसट झालेली दिसेल.