जनरेटरवर ० डीबीएम, ॲम्प्लिफायरला किती?

ॲम्प्लिफायर तपासताना सिग्नल जनरेटरमधून त्याला ठरावीक पॉवर देतात. ‘जनरेटरमधली एएलसी (पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट) पॉवर स्थिर ठेवते. पडद्यावर ० डीबीएम (१ मिलिवॅट) दिसले की ॲम्प्लिफायरला ० डीबीएमच मिळते. फार तर केबलचा लॉस एकदा मोजून ऑफसेट (तेवढ्या भरपाईचा आकडा) टाका.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. कमी फ्रिक्वेन्सीला तो खपून जातो. मायक्रोवेव्हला नाही.

‘एएलसी पॉवर स्थिर ठेवते.’ ठेवते, पण कुठे? तिचा डिटेक्टर (पॉवर मोजणारा भाग) जनरेटरच्या आत, आउटपुट कनेक्टरच्या अलीकडे असतो. पुढची केबल, अडॅप्टर, स्विच किती खातात ते तिला दिसत नाही. त्यात ‘अनलेव्हल्ड’चा (पॉवर सांभाळता येत नसल्याचा) इशारा लागला असेल, तर आतल्या आकड्याचीही हमी गेली.

‘एकच ऑफसेट पुरतो.’ केबलचा लॉस साधारण फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २ गिगाहर्ट्झला ०.६ डीबी खाणारी केबल १८ गिगाहर्ट्झला १.८ डीबीच्या आसपास खाते. मग बँडच्या वरच्या टोकाला गेन (आउटपुट आणि इनपुट पॉवरचं गुणोत्तर) उतरलेला दिसतो आणि बोल ॲम्प्लिफायरला लागतो. त्यापेक्षा जनरेटर आणि पॉवर मीटर तापू द्या, मीटरचा सेन्सर झीरो आणि कॅलिब्रेट करा, केबलच्या टोकाला लावा आणि फ्रिक्वेन्सीनुसार सुधारणेचा तक्ता भरा. यात फ्रिक्वेन्सीची पायरी (दोन बिंदूंमधलं अंतर) चुकली की सगळं फसतं. १ मीटर केबल, वेग प्रकाशाच्या ७० टक्के, तर दोन्ही टोकांच्या परावर्तनाने उठणारी लाट दर १०५ मेगाहर्ट्झला फिरून येते. १०० मेगाहर्ट्झच्या पायरीने मोजलंत, तर शेजारचे बिंदू लाटेवर जवळजवळ त्याच जागी पडतात आणि खरी लाट तक्त्यात येतच नाही. पायरी १०-२० मेगाहर्ट्झ हवी.

‘तक्ता भरला की झालं.’ तो सेन्सरच्या मॅचसाठी (त्याच्या तोंडाशी जेवढी पॉवर परत फिरते त्यासाठी) भरला. ॲम्प्लिफायरचा मॅच वेगळा. सोर्सचा (जनरेटर आणि केबलचा) एसडब्ल्यूआर (परावर्तनाचं माप; १ म्हणजे परावर्तन नाही) १.६ आणि इनपुटचा २ असेल, तर मिसमॅचमुळे पॉवर सुमारे ०.७ डीबी वर किंवा खाली जाऊ शकते. इनपुटपाशी १० डीबीचा चांगला पॅड (पॉवर ठरावीक कमी करणारा ॲटेन्युएटर, एसडब्ल्यूआर १.१५) लावला की हे ०.३ डीबीच्या आत येतं. मात्र तक्ता भरताना पॅड जागेवरच हवा. १० डीबी सोडणं परवडत नसेल, तर इनपुटपाशी डायरेक्शनल कपलर (पुढे जाणाऱ्या पॉवरचा छोटा नमुना काढणारा) किंवा दोन रेझिस्टरचा स्प्लिटर घ्या आणि तिथल्या डिटेक्टरवरून बाहेरून लेव्हलिंग करा, म्हणजे एएलसीला तोच डिटेक्टर वाचू द्या. तीन रेझिस्टरचा डिव्हायडर या कामाला चालत नाही. दिसायला सारखा, म्हणून तोच हटकून लावला जातो.

‘गेन म्हणजे गुणोत्तर, चूक कटून जाते.’ एका फ्रिक्वेन्सीला कॉम्प्रेशन (पॉवर वाढली की गेन घसरणं) पाहताना स्थिर चूक कटते खरी. पण इनपुटचा पी-१ डीबी (गेन १ डीबीने घसरतो ती इनपुट पातळी) तेवढ्यानेच चुकलेला राहतो. शिवाय पॉवर स्वीपमध्ये (पॉवर वाढवत नेताना) मध्येच जनरेटरचा स्टेप ॲटेन्युएटर बदलला, तर पातळीत छोटी उडी बसते आणि ती हुबेहूब कॉम्प्रेशनसारखी दिसू शकते. म्हणून स्वीपआधी ॲटेन्युएटर होल्डवर टाका. रेंज एएलसीपुरतीच उरते, पण कॉम्प्रेशन पाहायला सहसा तेवढी पुरते.