बॅटरीची किंमत खोक्यावर छापा

इंदूरचं तिकीट काढलं की घरून यादी येते. यंदा ताईच्या यादीत पहिलीच ओळ होती: "लॅपटॉपची ओरिजिनल बॅटरी तिकडे मिळाली तर घेऊन ये." लॅपटॉप भाच्याचा, तीन वर्षांपूर्वी इंदुरातच घेतलेला. बॅटरी चीनमध्ये बनलेली. आणि ती मिळावी म्हणून जर्मनीत येनाला राहणाऱ्या मावशीने दुकानं धुंडाळायची, मग विमानात ती हातातल्या बॅगेतून आणायची, कारण सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही. मॉडेल इंदुरात आजही दुकानादुकानांत दिसतं, पण त्याची सुटी बॅटरी काउंटरवर मिळत नाही. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मिळते, तीही मशीन आठवडाभर त्यांच्याकडे ठेवून, आठ हजारांच्या आसपास.

यावरून घरच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली. भाऊजी म्हणाले, जुन्या मशीनवर आठ हजार कशाला घालायचे, थोडे अजून टाकून नवाच घेऊ. बाबांनी युरोपच्या नव्या नियमाची बातमी पाठवली आणि विचारलं, आपल्याकडे हे कधी होणार? ताईचं म्हणणं सरळ होतं: सिल्व्हर मॉलमध्ये अडीच हजारांत बसवून देतात, कायदे कसले घेऊन बसलात! मग सगळे माझ्याकडे वळले, तू सांग, तिकडे काय करतात. ते दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली. तेव्हापासून ती खूप सुधारली, पण झिजायची काही थांबली नाही. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही महाग मशीनमध्ये हा आकडा १,००० पर्यंत जातो. न वापरता पडून राहिली तरी नुसत्या वयाने ती उतरते. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज, हे दोन्ही एकत्र आले की मग फारच लवकर. भाच्याची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीखाली. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या खोलीत हात लावावा ती वस्तू गरम लागते, आणि चार्जर तर रात्रंदिवस लावलेलाच. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची एक कमांड असते, ती मी त्याला चालवायला लावली. मूळ क्षमता ४२ वॉट-अवर, उरलेली १९. मुलाचं काहीही चुकलेलं नाही. इंदुरात लॅपटॉप असाच वापरला जातो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, पण विकताना ते कोणी सांगत नाही.

आता बाबांची बातमी. ती खरी आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीबद्दल नवा नियम केला. त्यातलं एक कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होण्याचं ठरलेलं आहे: काही अपवाद सोडले तर, उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. तीही बाजारात मिळणाऱ्या अवजारांनी, गरम करून डिंक सोडवण्याची किंवा रसायन ओतण्याची वेळ न येता. मॉडेल विकणं बंद झाल्यावरही निदान ५ वर्षं सुटी बॅटरी वाजवी दरात मिळाली पाहिजे. दुसऱ्याने बनवलेली जुळणारी बॅटरी घातली म्हणून सॉफ्टवेअरने अडवायचं नाही. मला हा नियम मनापासून आवडतो.

पण बाबा, नियम आहे म्हणजे इथे सगळं सुरळीत आहे असं नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली तेव्हा आधी टचपॅड क्लिक होईना, मग मशीन टेबलावर ठेवलं की एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागलं. बॅटरीच्या आत वायू साठून तिचं पाकीट फुगलेलं असतं. असं मशीन वापरायचं नसतं. दुरुस्तीच्या दुकानात नंबर लागायला दोन आठवडे. बॅटरीची किंमत एक आणि तेवढीच मजुरी वर. थुरिंगिया हे आमचं राज्य. जर्मनीत पहिल्यांदा याच राज्याने २०२१ मध्ये दुरुस्तीच्या बिलातला निम्मा खर्च, वर्षाला १०० युरोपर्यंत, परत द्यायला सुरुवात केली. सरकारला असं पदरचं घालावं लागतं, कारण दुरुस्ती परवडेनाशी झाली आहे. अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली सुरू झालेले रिपेअर कॅफे आता इथल्या गावागावांत भरतात. निवृत्त इंजिनिअर मंडळी प्रेमाने वस्तू उघडून दुरुस्त करतात. फार चांगली माणसं आहेत. पण ऑफिसात विचाराल तर बहुतेकांचं उत्तर भाऊजींचंच असतं: नवा घे.

इंदुरात उलट आहे. गेल्या दिवाळीत बाबांच्या लॅपटॉपसाठी मी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले होते. दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे स्टूल. विशी-बाविशीतला मुलगा. त्याने खालचे स्क्रू काढले, कुठला स्क्रू कुठला हे कळावं म्हणून चुंबकाच्या मॅटवर त्याच क्रमाने मांडले, प्लास्टिकच्या पट्टीने झाकण सोडवलं आणि कशालाही हात लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर ओढून काढला. पंधरा मिनिटांचं काम. मजुरी दोनशे रुपये. येनात असा कारागीर मला मिळालेला नाही. मी ओरिजिनल मागितली तर म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल कंपनी हमको देती कहाँ है? कंपॅटिबल है, छह महीने की गारंटी लिख देता हूँ." आणि खरंच पावतीमागे तारीख घालून सही केली.

वादाचं मूळ इथे आहे, आणि घरात तिघेही त्याला बगल देत होते. इंदुरात हात आहेत, माल नाही. कंपनी अस्सल बॅटरी फक्त आपल्या सेवा केंद्रामार्फत देते, म्हणून बाजारात तीच जागा कॉपीने भरते. काही कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या पण जुळणाऱ्या, बॅटऱ्या चांगल्या निघतात. काहींच्या लेबलवर ४२ वॉट-अवर लिहिलेलं असतं आणि आतले सेल तेवढे नसतात, किंवा जास्त चार्ज होण्यापासून वाचवणारं सर्किटच कमअस्सल असतं. सामान्य ग्राहकाने हे ओळखायचं कसं? एक खूण आहे. भारतात लिथियम बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे; लेबलवर आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहता येतो. ताई, अडीच हजारांची बॅटरी घेताना हे दुकानातच उभं राहून बघ. नंबर नसेल तर घेऊ नकोस, ती रात्रभर मुलाच्या उशाशी चार्ज होत असते.

आपल्या इन्व्हर्टरचंच घ्या. त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार हे घेतानाच माहीत असतं. तिची किंमत दुकानात विचारली की कळते, जुनी दिली की तेवढे पैसे कापून मिळतात, वॉरंटी कार्डावर शिक्का पडतो. बॅटरी गेली म्हणून इन्व्हर्टर फेकलेला मी इंदुरात पाहिलेला नाही. लॅपटॉपची बॅटरीही तशीच झिजणारी, मग तिला वेगळा न्याय का?

म्हणून माझं मागणं युरोपच्या नियमापेक्षा साधं आहे, आणि ते भारतालाच जास्त जमणारं आहे. आपल्याकडे प्रत्येक खोक्यावर एमआरपी छापलेली असते. जर्मनीत ही पद्धतच नाही, दुकानदार ठरवेल ती किंमत. लॅपटॉपच्या खोक्यावर त्याच एमआरपीखाली आणखी एक ओळ सक्तीची करा: बॅटरीचा पार्ट नंबर, सुट्या बॅटरीची किंमत, आणि ती किती वर्षं मिळेल. आणि त्या किमतीला ती सिल्व्हर मॉलमधल्या त्या मुलालाही मिळाली पाहिजे. चाळीस हजारांच्या लॅपटॉपला आठ हजारांची बॅटरी आणि पंचेचाळीस हजारांच्या लॅपटॉपला चार हजारांची, हे खोक्यावर शेजारी-शेजारी दिसलं तर माणूस काय घेईल हे सांगायला नको. मग कंपन्याच बॅटरी स्वस्त ठेवतील.

कंपन्या म्हणतात, लिथियम धोक्याची, कोणाच्याही हातात देता येत नाही. धोका आहेच, सेल टोचला गेला तर पेट घेतो. पण म्हणूनच अस्सल माल आणि उघडायची रीतसर माहिती जाणत्या कारागिराला द्यायला हवी. आज त्याच्या हातात कॉपी देऊन कोणती सुरक्षा साधते?

ग्राहक मंत्रालयाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पाऊल चांगलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, त्याने सुटी बॅटरी काउंटरवर येत नाही. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. गोळा करायची जबाबदारी आहे तर विकायचीही हवी. आणि लोक करणार नाहीत असं निदान इंदूरबद्दल कोणी म्हणू नये. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलेलं हे शहर ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा भाग करून गाडीत टाकतं. त्या लोकांना खोक्यावरची एक ओळ वाचणं जड जाणार नाही.

भाची यंदा कॉलेजला जाते आहे, तिच्यासाठी लॅपटॉप बघणं चालू आहे. भाऊजी, दुकानात रॅम आणि स्क्रीनचं बोलणं सुरू व्हायच्या आधी विचारा: बॅटरी स्क्रूवर आहे की चिकटवलेली, तिचा पार्ट नंबर काय, आणि आज ती सुटी कितीला मिळते. उत्तर कोटेशनवर लिहून मागा. दुकानदार म्हणेल, असं कोणी विचारत नाही. तरीही लिहून मागा, आणि तो लिहून देत नसेल तर शेजारच्या दुकानात जा.